तुळजाबाईची सरपंचकी

शिरूर तालुक्यातल्या त्या माळावरच्या गावाची सरपंचकी आधी बापूसाहेबांकडे होती, मग त्यांचा लेक सोपानराव याच्याकडे आली. सत्त्याण्णव साली जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा ती सोपानरावाच्या बायकोकडे, तुळजाबाईकडे गेली. गेली आपली म्हणायला. पंचायतीतल्या खुर्चीत सोपानरावच बसायचा.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी ती भाकरी थापत असताना माळवस्तीवरची भामाबाई दारात आली.

"सरपंचबाई, टँकर आमच्याकडं येतच न्हाई. सगळा तुमच्या द्राक्षबागंत रिता व्हतुया. पोरी पडक्या हिरीत उतरत्यात वं पाण्यासाठी."

सरपंचबाई! अशी हाक तिला कुणी मारलीच नव्हती. हाताचं पीठ पदराला पुसत ती तडक पंचायतीत गेली.

"आज टँकर वस्तीवर जाऊ द्या."

बसलेली माणसं हसली. सोपानराव हसला नाही. "तुला हितं कुणी बोलावलं?"

"सरपंच मी हाय न्हवं?"

"व्हय, हायस की. जा आता, घरी जा."

तिने आशेने तिथेच बसलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. बापूसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ती घरी परतली.

दुसऱ्याच दिवशी भामाबाईची नात पाय घसरून विहिरीत पडली. तुळजाबाई धावत पोचली, तोवर पोरीला गोधडीवर निजवलं होतं. भामाबाईने नुसतं वर पाहिलं. "आता कशाला आलात?"

दुपारी टँकर आला. त्याच पाण्याने पोरीला शेवटची आंघोळ घातली.

पुढच्या निवडणुकीलाही जागा बाईचीच निघाली. तुळजाबाईने सगळा धीर गोळा करून सांगितलं, "मी उभी ऱ्हाणार न्हाई." आता घर डोक्यावर घेतील, असं तिला वाटलं होतं.

"नगं ऱ्हाऊ," सोपानराव जेवता जेवता म्हणाला. "स्नेहल हाय की."

स्नेहल, दौंडहून लग्न होऊन आलेली त्यांची सून, निवडून आली. गुलालाने माखलेली पोर हसतच सासूजवळ येऊन बसली.

"आत्या, सरपंचानं करायचं काय असतं?"

"माणसं दारात येत्यात, बाई. त्यांचं ऐकायचं असतं."

"आन् मग?"

तुळजाबाई पदराने तिच्या गालावरचा गुलाल पुसू लागली.