आन्सेल्मोच्या डोळ्यातलं पाणी

आन्सेल्मोच्या प्रेताने माझं डोकं पार फिरवलं होतं. माणूस मेला की डोळ्यातल्या पाण्यात पोटॅशियम हळूहळू वाढत जातं. ते मोजायचं आणि त्यावरून मरणाची वेळ काढायची. आसुआ गावच्या उकाड्यात हेच करत मी म्हातारी झाले. पण या खेपेला डोळा म्हणत होता, हा रविवारी दुपारी गेला, आणि पोट म्हणत होतं, छे, शनिवारी रात्रीच. पोटात शनिवारच्या जेवणातली कुस्करलेली केळी आणि सलामी सॉसेजचे तुकडे जवळजवळ तसेच होते. बायकोने रविवारी सकाळी पाजला म्हणे, त्या रश्शाचा मात्र थेंबही नव्हता.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं आणि त्यापायी आन्सेल्मोचा जावई विल्किन कोठडीत बसला होता. रविवारी दुपारी सासऱ्याच्या अंधाऱ्या खोलीत तो बकऱ्यांवरून ओरडत होता, हे अख्ख्या आळीने ऐकलं होतं. संध्याकाळी मुलीने दिवा लावला तर बाप मेलेला, कपाळाला मार. विल्किन म्हणे, मी ओरडलो, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत. पोलिसांना हसू आलं. खरं सांगायचं तर मलाही.

काहीच जुळेना, तेव्हा सोमवारी चिडून आन्सेल्मोच्या घरी गेले. त्याची म्हातारी बायको फिलोमेना मोतीबिंदूने अर्धी आंधळी. कॉफी हातात देऊन तिने मला पलंगावर बसवलं. गादी ओलीगच्च होती. मी कारण विचारलं.

शनिवारी जेवून उठले ते न्हाणीत कपाळावर पडले, ती सांगू लागली. तिने कसंबसं पलंगावर आणलं. अंग तापलेलं वाटलं म्हणून दुकानातून बर्फ आणला आणि रात्रभर, सकाळभर ठेवत राहिली.

"कुठे ठेवलात?"

"आधी डोळ्यांवर. उघडेच ठेवले होते मेले. जळत असतील म्हटलं."

मी कॉफी खाली ठेवली. थंडाव्यात पोटॅशियम सावकाश वाढतं, हे मला शाळकरी पोरीने सांगावं इतकं सोपं. म्हणजे खोटं बोलत होता तो डोळाच. रश्शाचं विचारायचा धीर होईना, तरी विचारलं.

"रुसले होते, डॉक्टरबाई. ताठ होऊन पडलेले, तोंडच उघडेनात. रस्सा सगळा उशीवर सांडला."

आता काय करावं, मला कळेना. हे लिहिलं तरच विल्किन सुटणार होता, आणि लिहिलं की आज ना उद्या आळीतलं कुणीतरी हिला ऐकवणारच. त्यापेक्षा मीच सांगितलं. "आजी, ते शनिवारी रात्रीच गेले होते."

तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

"म्हणजे ते माझ्यावर रुसले नव्हते?"

"नाही, आजी."

तिने ओली उशी मांडीवर ओढली.

"आणि मी किती टाकून बोलले त्यांना."