कुरुंद्याची साखळी

सोमेश्वर सरांनी कुरुंद्याच्या कबड्डीवाल्या पोरींना एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. समोरची चढाईला आली की हातात हात धरून साखळी करायची आणि कॅप्टन प्रतिक्षाच्या हाताकडे लक्ष ठेवायचं. तिने हात एकदा दाबला तर थांबायचं, दोनदा दाबला तर झडप घालायची; दाब हातोहात टोकापर्यंत पोचवायचा. शिकवलं सरांनीच, आणि हिंगोलीत जिल्ह्याच्या फायनलला विसरलेही तेच.

रेषेबाहेरून ते "धर, धर" ओरडले. प्रतिक्षाने हात एकदाच दाबला होता. टोकाची कोमल सरांचं ऐकून एकटीच झेपावली आणि समोरची पोरगी तिला शिवून निसटली. आघाडी गेली, गुण बरोबरीत आले.

टाइमआउटमध्ये कोमल रडकुंडीला आली. "मी कुणाचं ऐकू?"

सरांपुढे तोंड उघडलं म्हणून मागच्या वर्षी दीपमालाचं कॅप्टनपद गेलं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी प्रतिक्षा बोलली. "सर, एक तर तुमी बोला, न्हाई तर मी. दोघं बोलून राहिलो तर पोरी फुटतेत."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी गळ्यातल्या गमछ्याचं टोक दातात धरलं आणि बाहेर जाऊन बसले.

शेवटची चढाई आली तशी प्रतिक्षाला खरी भीती वाटली. मघाशी नकोसा झालेला सरांचा आवाज आता हवाहवासा वाटू लागला. समोरची रिकामी गेली तर बरोबरी, धरली तर जिंकलो, गुण घेऊन गेली तर संपलंच. पण त्या पोरीचा दम तुटत आला होता. धरावं की सोडावं? सरांकडे बघायचा मोह प्रतिक्षाने मोठ्या कष्टाने आवरला आणि शेजारच्या पोरीचा, शेतात हळद काढून पिवळा पडलेला हात दोनदा दाबला.

साऱ्या एकदम तुटून पडल्या. एकही मागे राहिली नाही. पण त्या पोरीची बोटं मधल्या रेषेला लागलीच, आणि सामना गेला.

सामना बघायला आलेले गावचे व्यंकटराव चवताळले. "बरोबरीत सुटत होतं. धरायला सांगितलं कोणी?"

सरांनी दातातला गमछा काढला. "मी."

प्रतिक्षाचे डोळे भरून आले. "न्हाई," ती म्हणाली, "हात मी दाबला."

सर तिच्याकडे बघत राहिले. "व्हय, तूच दाबला. अन् साऱ्या बराबर आल्या. उद्या सकाळी मैदानावर तूच बोलाव सगळ्यायला. मी बी येतो."