गप्प बसायला शिकलेल्या चिपळ्या

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनाही थोडी जागा द्या. आज तुम्हांला मधेच थांबलेल्या एका कीर्तनाची गोष्ट सांगते.

मी एक जुनी चिपळ्यांची जोडी आहे. शिसवी लाकडाचे माझे अंग, त्यात पितळी चकत्या. सुताराने मला तासले, घासले, तेल पाजले, आणि कोकणातून सिल्वासाला शिकवायला आलेल्या नारायणबुवांच्या हाती मी पडले. एरवी ते शाळेत मास्तर, सणावाराला कीर्तनकार. खडोलीच्या कारखान्यांतली माणसे पाळी संपवून तशीच देवळात येत. बुवांनी मला वाजवत विठ्ठलाचे नाव घेतले की ते दमलेले चेहरे उजळत. काय दिवस होते ते!

मग एके वर्षी बुवांचा हात मांडीवर विसावलेला असतानाही मी वाजू लागले. तबल्यावर बसणारा नवनाथ कारखान्यातलाच. तो म्हणाला, “बुवा, चिपळ्यांची मोटार बंद करायची राहिली का?” बुवा हसले. पुढे बुवांचे पाऊल चालताना जागीच चिकटू लागले, तेव्हा कोणी हसेना.

मेंदूविकारांच्या डॉक्टर विजयाबाई सिल्वासात कंपवातावर संशोधन करीत. यालाच पार्किन्सन्स म्हणतात. हालचालींसाठी लागणारे एक द्रव्य मेंदूत आटत जाते, गोळी त्याची भरपाई करते. बुवांना तोच आजार होता; डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने ते सुधारले. पण नेमके कीर्तनाच्या दिवशी त्यांचे अंग लाकूड होई. फाल्गुनातल्या एकादशीला तर ते पूर्वरंगातच, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागातच, थांबले. घरी येऊन त्यांनी मला पिशवीत घातले.

“यंदाचा रामजन्म दुसऱ्या कोणी सांगावा,” ते म्हणाले. “देवालाच आता माझी सेवा नको झालीय.”

त्यांच्या पत्नी रजनीकाकूंनी डॉक्टरांना सामरवरणीच्या घरी बोलावले. गोळी वाढवावी, या विचाराने डॉक्टर आल्या. तो गुरुवार होता, बुवांचा उपवास. काकूंनी डॉक्टरांसमोरच त्यांना गोळी दिली आणि वर पेलाभर गरम दूध.

“काकू, रोज दुधाबरोबरच देता?”

“रोज नाही हो. एरवी पाणी. उपवासाला मात्र दूध. रिकाम्या पोटी गोळी उष्ण पडते ना.”

“आणि कीर्तनाच्या दिवशी?”

“उपवासाशिवाय हे कीर्तनाला कधी उभे राहिलेत? डॉक्टरबाई, तुम्ही एकदाही ऐकायला आला नाहीत वाटतं.”

विजयाबाईंनी मला पिशवीतून काढून बुवांच्या सैल मुठीत ठेवले. त्या दुपारी मी वाजतच राहिले. दुसऱ्या दिवशी गोळी नुसत्या पाण्याबरोबर दिली, आणि थोड्या वेळाने मी हळूहळू निवत गेले. मित्रांनो, चिपळ्यांना वाजल्याबद्दल शाबासकी मिळते. मला ती गप्प बसल्याबद्दल मिळाली.

“दुधातली प्रथिनं आणि ही गोळी, दोघांना आत जायला दार एकच,” डॉक्टर म्हणाल्या. “गर्दी झाली की गोळी मागे राहते. आधी गोळीला जाऊ द्या, दूध मागाहून.”

“म्हणजे मीच यांना अडवलं?” काकू म्हणाल्या.

“गोळी मी लिहून दिली, काकू. कशाबरोबर घेता, ते मी विचारलं नाही.”

त्या रामनवमीला बुवा उभे राहिले. पाळण्याच्या वेळी पाऊल एकदा अडले. नवनाथने ठेका सोडला नाही, आणि पाऊल सुटले. मी तेव्हा मनसोक्त वाजले.

आजार काही गेला नाही. पण बुवांनी आणखी काही रामजन्म सांगितले. ते गेल्यावर काकूंनी मला डॉक्टरांकडे सोपवले. मग दुधनीपासून खडोलीपर्यंत किती थरथरत्या मुठींत मी बसले! गोळी कधी लागू पडते, हे डॉक्टर माझ्या आवाजावरून ओळखत, आणि घरात शिरताच आधी विचारत, “गोळी कशाबरोबर घेता?” आता मनगटाला बांधायचे यंत्र कंप मोजते, आणि मी कपाटावर धूळ खाते. तेही ठीकच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा हात थरथरत असेल तर त्याला घाई करू नका. आणि रजनीकाकूंची आठवण ठेवा. त्या रामनवमीला त्या देवळाच्या खांबाशी पदराखाली दुधाचा पेला झाकून उभ्या होत्या. दूध निवले, त्यावर साय धरली. पण आरती होईपर्यंत त्यांनी बुवांना हाक मारली नाही.