रोलरवरची जागा

बंगळूरजवळ देवनहळ्ळीच्या बाजूला रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं आणि त्या कामावर हर्षिताच्या हाताचा बोलबाला होता. डांबराचा एक पट्टा टाकला की शेजारी दुसरा पडतो. दोघांमधला जोड दाताळ्याने असा ओढावा लागतो, की वरून रोलर फिरल्यावर रेघसुद्धा दिसता कामा नये. तो बिघडला की रोलर थांबतो. मग उकरा, पुन्हा भरा, तोवर मागच्या ट्रकांतला माल गार. हर्षिता जोडावर असली की ही वेळच येत नसे. विठोजीमामाची टोळी सगळ्यांच्या आधी काम उरकायची आणि मामा मिशीला पीळ देत चहा प्यायचा.

हे कसब तिने हौसेने कमावलं नव्हतं. कामावर घेतानाच मामाने शब्द दिला होता, "जोड साधायला शीक, मग तुला रोलरवर बसवतो." सख्खा मामा, वर टोळीचा मुकादम, त्याच्या शब्दाखातर तिने तळपाय भाजून घेतले. जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला लवंडत, तेव्हा ती ड्रायव्हर मल्लाप्पाच्या रोलरवर चढून गिअर शिकत असे. पायाखाली विस्तव नको, एवढंच तिला हवं होतं.

कंपनीने रोलर चालवायचा वर्ग काढला. प्रत्येक टोळीतून एक नाव जाणार होतं. आपलंच नाव जाणार, असं हर्षिताने आईला आधीच सांगून टाकलं. नाव गेलं विराटचं, मामाच्या पुतण्याचं. हा गडी दाताळं उलटं धरायचा.

बाई म्हणून साहेबलोकांनी डावललं असणार, असं धरून ती तणतणत सिद्धीकडे गेली. सिद्धी पुण्याहून आलेली साइट इंजिनिअर.

"अगं, मी तर तुझंच नाव सजेस्ट केलं होतं," सिद्धी म्हणाली. "पण तुझे मामा म्हणाले, तिला हलवलं तर आमचा स्पीड निम्मा होईल. आणि तुला मशीनची भीती वाटते ना? तसं म्हणाले ते. किती कौतुक करत होते तुझं."

हर्षिता तशीच मामाकडे निघाली. परक्याने मारलं असतं तर ती भांडली असती.

मामा ट्रकापाशी उभा होता. "मला भीती वाटते असं तुम्ही सांगितलं, मामा?"

त्याने नजर चुकवली नाही, हेच तिला जास्त लागलं. "तुझ्यासारखा हात मी कुठून आणू? विराटचा खाली काही उपयोग नाही, म्हणून वर पाठवला. स्वल्प दम धर की. पुढच्या खेपेला बघू. सरी, ठीक आहे ना, चल, माल गार होतोय."

म्हणजे ती बिनकामाची असती तर वर बसली असती. आज जोड असा नासवायचा, की सगळे ट्रक खोळंबले पाहिजेत, असं मनाशी घट्ट ठरवून तिने दाताळं उचललं.

वाफाळता माल पडला. तिने मुद्दाम एक ढीग तसाच सोडला आणि पुढे सरकली. मागून रोलर येत होता. तो ढिगापाशी पोचायच्या आत ती वळली, दाताळं फिरलं, माल सारखा झाला. रोलर न थांबता वरून गेला.

मामाने लांबूनच मान डोलावली. हर्षिता आपल्या हातांकडे बघत राहिली. तेही त्यालाच फितूर होते.