ड्रायव्हरशेजारची सीट

रामदासकाकांच्या गाडीत एकच नियम होता, आणि तो कंपनीच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हता. ज्याला झोपायचं असेल त्यानं मागं बसायचं. ड्रायव्हरशेजारी जो बसेल त्यानं जागं राहायचं, दोन शब्द बोलायचे, निदान रस्त्याकडे तरी बघायचं. शेजारचा पेंगायला लागला की पेंग सगळ्या गाडीत पसरते, असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्याच दिवशी सुदर्शन पुढं बसून घोरायला लागला, तेव्हा काकांनी वडगावच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेतली, त्याला हलवून उठवलं आणि अतिशय आदरानं मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून पुढची सीट पूर्णिमाची झाली. मागं बसलं की तिला गाडी लागायची, आणि सकाळी सकाळी गप्पा मारायला तिची काही हरकत नसे.

पूर्णिमा खोब्रागडे भंडाऱ्याची. वडील तहसील कचेरीत कारकून, आई बालवाडीत, आणि घरातली पहिली इंजिनिअर ही. हिंजवडीच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांची यादी करायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कात्रजला दत्तनगरमध्ये तिघी मैत्रिणींबरोबर ती राहायची आणि रोज साडेसातला कोपऱ्यावर येऊन उभी राहायची. सुमो आली की पहिली चढणार ती. मग धनकवडीत सुदर्शन, पुढं बिबवेवाडीतले आणखी दोघं, आणि मग बायपास.

रामदासकाका कात्रज घाटाखालच्या एका गावचे. बावीस वर्षं स्टिअरिंगवर, त्यातली बारा ट्रकवर. ठेकेदारानं त्यांना ठेवून घेतलं ते एका शब्दावर: निर्व्यसनी. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. आपल्याकडे ड्रायव्हर निर्व्यसनी आहे म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. त्याची झोप होते का, त्याला नीट दिसतं का, अंगात कणकण आहे का, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. पूर्णिमालाही कधी वाटली नव्हती.

२००६ सालच्या जानेवारीतला तो मंगळवार. काका दोन दिवस सर्दीनं हैराण होते. दत्तनगरच्या कोपऱ्यापासून पहिल्या सिग्नलपर्यंत त्यांना सात शिंका आल्या. पूर्णिमानं मोजल्या, कारण तिला भीती वाटत होती. भीती अपघाताची नव्हे, सर्दीची. अमेरिकेहून क्लायंटची माणसं आली होती. नऊ वाजता त्यांच्यासमोर तिला बोलायचं होतं, आणि अमेरिकेला कुणाला पाठवायचं ते त्याच दिवशी ठरणार होतं. नाक गळत तिथं उभं राहायची तिची तयारी नव्हती. तिनं पर्समधून पिवळी गोळी काढली, पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, घ्या काका, अर्ध्या तासात शिंका बंद. काकांनी उपाशीपोटी ती गिळली. ताई, लई उपकार झाले, असं वर म्हणाले.

ती गोळी तिची रविवारची होती. रविवारी सर्दी झाली की ती जेवून एक घ्यायची आणि संध्याकाळी पाचपर्यंत मेल्यासारखी झोपायची. पाकिटाच्या मागं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलंही होतं, की ही घेऊन गाडी चालवू नये. जिच्या नजरेतून एक स्वल्पविराम सुटत नसे, तिला त्या सकाळी यातलं काही आठवलं नाही. हे खरंच आठवलं नाही. पुढं तिनं स्वतःला पुष्कळ फसवलं, पण यात फसवणूक नव्हती.

शिंका थांबल्या. बायपासला लागल्यावर मागचे तिघं माना टाकून झोपले. पूर्णिमा मांडीवर कागद घेऊन आपलं भाषण मनाशी म्हणत होती, म्हणून त्या दिवशी गप्पा नव्हत्या. वारज्याचा पूल ओलांडताना तिनं सहज शेजारी पाहिलं, तर काकांची मान पुढं झुकलेली. ती पुन्हा सावरली. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा झुकली. त्यांनी डोळे चोळले, काच खाली केली, एक लांबलचक जांभई दिली. गाडी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली आणि परत आली. आता पूर्णिमाला गोळी आठवली. काका, जरा थांबू या, चहा घेऊ, एवढं वाक्य तिच्या तोंडाशी आलं. तिनं घड्याळात पाहिलं. आठ पस्तीस झाले होते. चहा म्हणजे वीस मिनिटं, आणि नऊला पाच कमी असताना तरी तिला दारात असायला हवं होतं. शिवाय थांबवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि गोळी तिनंच दिलेली. पोचू एवढ्यात, असं म्हणून तिनं मान पुन्हा कागदात घातली.

सूसच्या अलीकडे सायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन चाललेल्या धोंडिबा नावाच्या गवळ्याला गाडीनं मागून उडवलं. ब्रेक लागला तो नंतर. दूध आधी रस्त्यावर पसरलं आणि मग माणूस दिसला. धोंडिबा चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला.

चौकीत सगळ्यात आधी काकांना नळीत फुंकायला लावलं. दारूचा लवलेश नव्हता. मग हवालदारांनी गाडीतल्या एकेकाला विचारलं, काय पाहिलंत. मागचे तिघं म्हणाले, झोपलो होतो, आणि ते खरंच होतं. पूर्णिमाची पाळी आली. काका समोरच्या बाकावर कपाळाला रुमाल लावून बसले होते. ती म्हणाली, "मलाही डोळा लागला होता."

हवालदारांनी लिहून घेतलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. बिचारी पोरगी रात्रंदिवस काम करते, लागला डोळा एखाद्या दिवशी, असंच त्यांना वाटलं असणार. ती नजर पूर्णिमाला पुढं आठ महिने पुरली.

क्लायंटसमोरचं भाषण दोन दिवसांनी झालं आणि छान झालं. अमेरिकेसाठी तिचं नाव लागलं. आठवडाभरानं तिनं सुदर्शनला कँटीनमध्ये गोळीचं सांगितलं. तेवढंच सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "तुला कुणी विचारलंय का? तू डॉक्टर आहेस का? व्हिसा प्रोसेसमध्ये आहे तुझा. पोलीस, कोर्ट, हे सगळं ओढवून घ्यायची हौस आहे का?" तिला तशी हौस नव्हती. उलट कुणीतरी असं बोलावं म्हणूनच तिनं त्याला गाठलं होतं, हे तिचं तिलाही कळत होतं.

गाडीवर नवा ड्रायव्हर आला. त्याचा काही नियम नव्हता. पूर्णिमा मागं बसायला लागली, गाडी लागली तर लागू दे म्हणाली. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला ती भंडाऱ्याला गेली. विहारात आई-वडिलांच्या मध्ये बसून लहानपणापासून पाठ असलेलं पंचशील ती म्हणत होती. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज बसला. आईनं विचारलं तेव्हा तिनं सर्दी झाल्याचं सांगितलं. घरी आल्यावर वडिलांनी काळजीनं गोळी पुढं केली, आणि ती न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली.

सप्टेंबरात तिकीट हातात पडलं. पुढच्या शुक्रवारचं विमान. त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या कारकुनाकडून तिला कळलं, की रामदासकाकांची मंगळवारी कोर्टात तारीख आहे आणि ते गुन्हा कबूल करणार आहेत. वकील लढायला तयार आहे, पण म्हातारा ऐकत नाही. आता मात्र तिला राहवेना. शनिवारी ती पत्ता विचारत कात्रजच्या डोंगराकडच्या एका गल्लीत पोचली. काका हल्ली मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर राखणीला होते. शनिवारी यार्ड बंद असतं, म्हणून घरी सापडले.

तिनं त्यांना लगेच ओळखलं नाही. माणूस अर्धा झाला होता. काकांच्या बायकोनं, शालनकाकूंनी, सतरंजी अंथरली, चहा टाकला, आणि पाहुणीला कौतुकानं सांगावं तसं सांगितलं, की हे झोपत नाहीत. जानेवारीपासून भिंतीला टेकून बसतात. डोळा लागला की दचकून उठतात आणि उजवा पाय दाबतात, ब्रेकवर दाबावा तसा. काका ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

पूर्णिमानं आडवळण घेतलं नाही. मी दिलेल्या त्या गोळीनं झोप येते, असं तिनं सरळ सांगून टाकलं. पाकिटावर लिहिलेलंही सांगितलं. तुम्ही वकिलाला हे सांगा, मी लिहून देते, सही करते, असं ती एका दमात बोलली. शालनकाकूंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"म्हंजे ती साधी झोप नव्हती," काका म्हणाले. "मला वाटायचं, मी म्हातारा झालो. बावीस वर्षांत कधी डोळा लागला न्हाय आन् मग लागतोय कसा, ह्येच कळंना."

मग ते चक्क तिचीच समजूत घालायला लागले. गोळी तुम्ही काय घशात कोंबली नव्हती, मी हात पुढं केला, मी गिळली. सर्दीची गोळी म्हणून तर अख्खं गाव एकमेकाला देतं. तुमचं मन वाईट नव्हतं. धोंडिबा तर काही परत येत नाही, आणि गाडी माझ्याच हातात होती, तेव्हा मंगळवारी जे बोलायचं ते मी बोलणारच. तुम्ही बिनघोर विमानात बसा. शालनकाकूंनी मात्र पुन्हा चहा विचारला नाही.

पूर्णिमाच्या छातीवरचा दगड उतरला. लाज वाटावी इतकं तिला हलकं वाटलं. ती उठली, दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवली. तिला सोडायला म्हणून काकाही भिंतीला धरून उठले.

"एकच वाटतं बघा," ते म्हणाले. "गाडीत पाच जण व्हतो. त्यातलं एक जरी कुणी जागं असतं, तर वाचला असता तो. तुमचाबी नेमका त्याच दिवशी डोळा लागला. त्येला तुम्ही तरी काय करणार."

ते दोष देत नव्हते. आठ महिने रात्री भिंतीला टेकून त्यांनी जो हिशोब मांडला होता, त्यातली ही शेवटची ओळ होती आणि तीसुद्धा तिला माफ करणारी होती. नुसती मान हलवून तिला जाता आलं असतं. रिक्षा कोपऱ्यावरच उभी होती. बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता.

"मी जागी होते, काका," पूर्णिमा म्हणाली.

त्यांना पटकन कळलं नाही. तिनं चप्पल काढली आणि पुन्हा सांगितलं, क्रमानं, जशी ती कामावर चुकांची यादी करायची. पहिल्यांदा मान कधी झुकली, दुसऱ्यांदा कधी, जांभई कधी आली, गाडी पट्ट्यावर कधी गेली. घड्याळात पाहिलं तेव्हा किती वाजले होते तेही सांगितलं. नऊची मीटिंग होती आणि गोळी मी दिली होती म्हणून बोलले नाही, असं म्हणाली. चौकीत खोटं सांगितलं, हेही म्हणाली.

"कुठपासनं?" काकांनी विचारलं.

"वारज्यापासून."

काका उभे होते ते हळूहळू खाली बसले. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते, पण भिंत त्यांना दिसत नव्हती, रस्ता दिसत होता. वारजं सोडलं की डाव्या हाताला पंप आहे, ते म्हणाले, तिथं मी डिझेल टाकायचो. पुढं चढावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. चांदणी चौकात चहावाला, तो मला नावानं हाक मारतो. बावधनला चिंचेखाली ट्रकवाले गाड्या लावून झोपतात, तिथं जागाच जागा. पाषाणच्या तळ्याकडं फाटा फुटतो, तिथं रस्ता रुंद आहे. एकेका ठिकाणाशी ते थांबत होते, जणू गाडी बाजूला घेऊन बघत होते, आणि मग पुढं जात होते. सूस आलं तेव्हा ते बोलायचे थांबले. शालनकाकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"तुम्ही नुसतं काका म्हणला असता, तरी मी थांबलो असतो," ते म्हणाले.

ते थांबले असते, हे पूर्णिमाला त्या दिवशीही माहीत होतं.