रक्त जातं कुठं

देवश्री मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका औषध कारखान्यात तपासणीचं काम करायची. एकोणतीस वर्षांची. कामावर तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडली, तेव्हा हिमोग्लोबिन सात निघालं. तीन वर्षं ती लोहाच्या गोळ्या खात होती. रक्त थोडं चढायचं, पाळीच्या आठ दिवसांत पुन्हा उतरायचं. सासूबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे चालायचंच."

या खेपेला तिनं नवऱ्याला, नीलेशला, सांगितलं, "नुसत्या गोळ्या पुरे झाल्या. रक्त जातं कुठं, ते शोधायचं."

नव्या डॉक्टरीणबाईंनीही गोळ्यांचीच चिठ्ठी लिहायला घेतली. देवश्री खुर्चीवरून उठली नाही.

"मॅडम, पाळीत मला उभं राहवत नाही. संडासला बसतानासुद्धा कळ येते. हे आजवर कुणी विचारलंच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"सोळाव्या वर्षापासून."

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, म्हणून दुखतं, असं बाईंनी समजावलं. "त्यात पाळीत तुमचं अंगावरून जाणंही फार. लोह साठणार कसं? आधी ते आटोक्यात आणू."

हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, लोह शिरेतून दिलं. घरी येऊन देवश्री पोटभर रडली. तेरा वर्षांच्या दुखण्याला नाव मिळालं होतं.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. बाईंनी विचारलं, "बहीण आहे? बहिणींत हे आढळतं कधीकधी."

धाकटी शिखा धारला आईजवळ राहून कॉलेजात जायची. दर महिन्याला चार दिवस अंथरुणात. देवश्री सुट्टी काढून बसनं धारला गेली.

आई म्हणाली, "तिरल्याची माणसं हिला बघायला येणारेत. अशात दवाखाना? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी तेरा वर्षं गप्प बसले, तेव्हा कुणी काय चांगलं म्हटलं?"

शिखा पोटाशी उशी धरून बसली होती. "ताई, डॉक्टरला हिंदीत सांगू ना? मराठीत मला असे शब्दच येत नाहीत."

"ज्यात येईल त्यात सांग. पण काही लपवू नकोस."

आईनं उठून कपाटातून शिखाच्या रक्ततपासणीचे जुने कागद काढले, पिशवीत घातले आणि पायात चपला सरकवल्या.