घरचा मेंढा

बिरूने मेंढ्याची दोन्ही शिंगे धरली आणि त्याला वाघरीच्या जाळीबाहेर ओढले. मागून गोरक्षनाथ रेटत होता. वीस वर्षांचा हा त्याचा पोरगा जन्मापासून बहिरा-मुका. मेंढा कडुनिंबाला बांधून झाला तसा गोरक्षनाथ घशातल्या घशात हसला.

ओट्यावर बिरूची बायको प्रेमला पुरणाची डाळ निवडत होती. संध्याकाळी नणंद येणार होती, प्रेमलाच्या लेकीला, आकांक्षाला, आपल्या मुलासाठी मागायला.

बारावीचे पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली आकांक्षा म्हणाली, "आबा, मेंढा का बदलून राह्यलात, सांगा बरं आजीला."

"तिला काय सांगायचं? याच्याच लेकी आता गाभण जायला आल्या. घरातल्या घरात पैदास केली की कोकरं लुळी निघतेत. राजूरचा मच्छिंद्र त्याचा मेंढा देऊन ह्याला घेऊन जाईल."

"माणसाचंबी तेच हाय. पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतेत. एक आईचं, एक बापाचं. एकात खोट असली तर दुसरं झाकून घेतं. पण आई-बाप एकाच रक्ताचे असले, की दोन्हीकडून तीच खोट येऊ शकते." आकांक्षाने भावाकडे पाहिले. "आई तुमच्या मामाची पोरगी. आन् मला आत्याच्या घरी देऊन राह्यलात."

"माणूस काय मेंढरू हाय व्हय?" दाराशी बसलेली तुळजाबाई कडाडली. ती बिरूची आई; प्रेमलाची आत्या आणि सासूही. "घरातलंच स्थळ हाय, पारखायचं काय त्यात? गोरक्ष असा झाला तो तुझ्या आईमुळं. पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली तिनं. आख्ख्या भावकीला ठाव हाय."

प्रेमलाचा हात सुपात थांबला. वीस वर्षे हे वाक्य तिने बारशात ऐकले होते, लग्नात ऐकले होते. उत्तर कधी दिले नव्हते.

"मी विळी धरलीच न्हवती," ती म्हणाली. "आडवी पडून होते. उशाला हे बसलेले."

तुळजाबाईने लेकाकडे पाहिले. बिरू मेंढ्याच्या गळ्यातली गाठ चाचपत राहिला.

"सांगा की, आबा," आकांक्षा म्हणाली.

"ठाव हाय मला," तो गाठीकडे बघतच म्हणाला. "पण ते आता कशाला उकरायचं? ताई यायली संध्याकाळी. शब्द देऊन बसलोय."

प्रेमलाने सूप बाजूला ठेवले. पदर खोचून ती कडुनिंबाजवळ गेली. बिरूला वाटले पाणी पाजायला आली, तो सरकला. तिने गाठ सोडली, मेंढ्याला ओढत नेले आणि एका हाताने वाघर वर उचलली.

"अगं, येड लागलं का? आत सोडू नको! कळप नासंल!" बिरू ओरडला.

"घरातलाच हाय की," प्रेमला म्हणाली. "पारखायचं काय त्यात?"

मेंढा मान खाली घालून आपल्या लेकींत शिरला. बिरू धावला, पण गोरक्षनाथ पुढ्यात आला. काय बिघडले, हे त्याला कळले नव्हते. तो बापाच्या ओठांकडे टक लावून बघत उभा राहिला.

बिरूचे ओठ हलले नाहीत.